आटे

नर्मदा आमच्याकडे एक दिवसाआड येते,
पहाटे साडेचारला, पाऊण तास.
त्याआधी नळ बसायला हवा.

कैलाश प्लंबर चार दिवस सांगतोय,
"बस, निकल ही रहा हूँ, आंटी."
निघालेला माणूस चार दिवसांत
सुदामानगरात पोचत नाही,
म्हणजे तोही नर्मदेवरूनच
पायी येत असावा.

शेवटी मीच गेले सियागंजात.
म्हटलं, न्हाणीतल्या नळाचे आटे गेलेत.
पोरगं म्हणालं, "आटा? वो आगे मिलेगा,
किराने वाली लाइन में."
तीन पिढ्या आमच्या इंदुरात,
पण काही शब्दांना अजून रिड्यूसर लागतो.
मग मी हवेत बोट फिरवून दाखवलं, गोल गोल, आत आत.
"अच्छा, चूड़ी! चूड़ी खराब है, ऐसा बोलो ना."
बरं बाबा. बांगडी खराब आहे.
पितळी दे. अर्धा इंची.

पान्हा खासगीवाल्यांचा.
एकच होता, तरी देताना
त्यांनी तो दोनदा मोजला.

रात्री टाकी रिकामी केली.
हे स्टुलावर बसले,
उजवा हात गेल्या श्रावणापासून मांडीवर निजलेला,
डाव्या हातात बॅटरी.
चाळीस वर्षं या घरात जे जे गळलं
ते ते यांनी बंद केलं.
माझं काम बादली सरकवायचं,
आणि "झालं का?" विचारायचं.

पान्हा धरला, जोर लावला.
नळ हलेना.
"उ... उल..." हे म्हणाले.
उलटा काय? पान्हा? नळ? मी?
यांचे शब्द अर्धेच उघडतात हल्ली,
धार लागत नाही.
मी पान्हा पालथा करून पाहिला,
पाय भिंतीला लावला,
साडी गुडघ्याशी खोचली,
आणि या भिंतीला, त्या कैलाशला,
दोघांना मिळून एक शिवी दिली
जी मला येते हे यांना माहीत नव्हतं.
नळ कुरकुरला. सुटला.
भिंतीतून गंजाचं तांबडं पाणी
एक घोट आलं आणि थांबलं.

मग पाहिलं तर
जुन्या नळाच्या आट्यांवर
ताग नाही, सफेदा नाही.
लोकर.
मळलेली, चिकट,
तरी नखानं खरवडली तर आतून हिरवी.

ही लोकर मला ओळखू येते.
चौऱ्याण्णव साल. बिनबाह्यांचा स्वेटर.
पाठ झाली होती, पुढचा भाग अर्धा,
आणि शेवटचा गुंडा नाहीसा.
मी कमलवन्संना धरलं होतं.
दोन दिवाळ्या धड बोलले नव्हते त्यांच्याशी.
रंग पुन्हा मिळाला नाही,
पाठ अजून ट्रंकेत आहे.

"हे काय?"
बॅटरीचा झोत
सावकाश माझ्या हातावरून निघाला,
भिंत चढला,
आणि छतावर जाऊन
एका कोळ्याकडे फार लक्षपूर्वक पाहू लागला.

मी काही बोलले नाही.
वन्संना जाऊन सहा वर्षं झाली.
टेफ्लॉन गुंडाळलं.
पहिल्यांदा उलट्या अंगानं,
नळ फिरवला तशी सगळी पट्टी गोळा होऊन बाहेर आली,
"उ... उलटं," हे म्हणाले,
या खेपेला पूर्ण शब्द.
दुसऱ्यांदा सुलट. बारा वेढे.
नळाची मान जरा वाकडीच बसली,
खासगीवाल्यांच्या घराकडे बघणारी.
राहू दे.

साडेचारला मोटर लावली.
पाईप खोकला, थरथरला,
नर्मदा वर चढली.
दोघं न्हाणीच्या उंबऱ्यात उभे,
यांचा भार माझ्या खांद्यावर,
बॅटरी अजून चालू,
बाहेर उजाडायला लागलेलं.

सांध्यावर एक थेंब जमला.
मोठा झाला.
पडला.
यांनी मोजलं, बोटांवर, डाव्या हाताच्या:
दर तेवीस सेकंदांनी एक.

खाली वाटी ठेवली आहे.
लोकर खिडकीत वाळतेय.